लॉट घेतला, पण घरी एकच पेटी येईल

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न.

उद्यमनगरातल्या त्या पॅटर्न शॉपमधल्या, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने जिथे करत तिथल्या, जुन्या हत्यारांचा लॉट मी घ्यायचं ठरवलं आहे. विसारही दिला. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर बाबा ‘बरं’ म्हणून ठेवून देतात आणि मग रात्रभर जागे राहतात. म्हणून सगळं लिहूनच कळवते. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. आई, तुझ्या कामाचं शेवटी आहे, पण मधलंही त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घे.

मनाला लागेल असं जे आहे ते आधीच सांगते. सगळा लॉट आपल्या मागच्या खोलीत येणार नाही. तो पुण्याला माझ्याकडे जाईल. कोल्हापूरला एकच पेटी येईल, आणि ती तुमचीच असेल. खोली तुम्ही अर्धी रिकामी करून ठेवली आहे, हे आईनं सांगितलं. बाबा, तुमच्याबद्दल शंका आहे म्हणून हे करत नाही. कारणं पुढे आहेत, ती वाचून झाल्यावर रागवायचं तर रागवा.

‘जुनं लोखंड कशाला, तेवढ्यात नवं येईल’ असं आत्याचं म्हणणं. साध्या सपाट पटाश्या, हातोड्या, करवती यांच्या बाबतीत ते खरंच आहे, आणि त्यासाठी मी हा लॉट घेतलाच नसता. पण यात आहेत त्या पॅटर्नवाल्यांच्या लांब, पातळ पाठीच्या पटाश्या आणि आतून धार असलेल्या गोल पटाश्या, त्यातल्या काही मानेत वाकवलेल्या. कोअर बॉक्सच्या, म्हणजे ओतीवातली पोकळी घडवणाऱ्या साच्याच्या, पोटात शिरून तासताना मूठ लाकडाला घासू नये म्हणून ती मान वाकवलेली असते, हे तुम्हीच मला शिकवलंत. आता बरेच पॅटर्न ॲल्युमिनिअमचे नाहीतर रेझिनचे, मशीनवर कोरलेले. ही हत्यारं मागणारे हातच कमी झाले, तेव्हा दुकानात ती कोण ठेवणार? बाहेरून धार असलेली गोल पटाशी कुठेही मिळते, कोरीवकामवाले वापरतात. आतून धारेची मात्र जुन्या शॉपमधूनच उचलावी लागते. मला खुर्चीची बैठक खोलगट करायची असते, वाडग्याचे साचे करायचे असतात, तिथे हीच लागते.

पैशांचं सांगते, म्हणजे तुम्हाला घोर नको. त्यांनी 48,000 मागितले, 32,000वर ठरलं. लॉटची किंमत कशी धरायची, तर तीन ढीग करायचे. पहिल्यात आजच्या आज कामाला येईल किंवा बाहेर मिळणारच नाही ते. दुसऱ्यात दुरुस्तीनंतर चालेल ते. तिसरा भंगार. किंमत फक्त पहिल्या ढिगाची लावायची आणि दुसऱ्याला शून्य, कारण तिथे आपली मेहनत जाते आणि अर्ध्या वस्तू शेवटी तिसऱ्यातच जाऊन पडतात. लॉट महागात जातो तो दुसऱ्या ढिगाच्या मोहानं. माझ्या हिशेबात चांगल्या 19 पटाश्या सरासरी 900नं 17,100, दोन लोखंडी रंधे 7,000, बाकाचा शिकंजा 6,000, कोअर बॉक्सचा रंधा आणि मापाच्या पट्ट्या मिळून 4,000. झाले 34,100. म्हणजे बाकी सगळं फेकून दिलं तरी मी वर आहे. हे पैसे कामाच्या खात्यातले आहेत. तुमच्या औषधपाण्याच्या आणि घराच्या पैशाला हात लावलेला नाही, लावणारही नाही.

पटाश्या होत्या 31. बाद झाल्या त्या 12 का, ते तुम्ही विचारणारच. पाच जणींच्या पाठीवर गंजाचे खड्डे होते, तेही धारेपासून बोटभर अंतरात. सपाट पटाशीची धार दोन पृष्ठं मिळून होते, मागची सपाट पाठ आणि वरचा तिरका उतार. उतार घासून नवा करता येतो, पण पाठीतला खड्डा धारेपर्यंत आला की तिथे धारेला खाच पडते आणि लाकडावर प्रत्येक घासात एक रेघ उठते. वरच्या बाजूला, उतारावर गंज असेल तर मी बघतही नाही. चार जणी धारेजवळ निळ्या पडलेल्या होत्या. कुणीतरी कोरड्या ग्राइंडरवर दाबून धरल्या, पोलाद तापलं आणि पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. अशी धार निसण्यावर छान येते आणि सागाच्या दुसऱ्या तिसऱ्या ठोक्याला दुमडते. निळा भाग पूर्ण कापून मागे सरकायचं म्हटलं तर उरतं काय? तीन तर घासून घासून दीड इंचावर आलेल्या. उरलेल्या 19 जणींपैकी सातांच्या मुठी हलतात, पण पातं सरळ आहे. नजरेसमोर धरून लांबीत बघितलं, पाठीवर फूटपट्टी उभी ठेवून उजेड बघितला.

रंध्यांचं थोडक्यात. लोखंडी चार होते, दोन चांगले: 14 इंची आणि साडेनऊ इंची. पातं, त्यावरची टोपी, खालची बैठक सगळं सोडवून बघितलं. बिडाचा रंधा पडला की भेग जाते ती तोंडाच्या दोन्ही टोकांपासून बाजूच्या भिंतीत, आणि तेल-मळीखाली ती दिसत नाही. म्हणून आधी रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं, मग अंग दोरीला टांगून स्क्रूच्या मागच्या टोकानं हलकेच वाजवायचं. अखंड असेल तर स्वर लांबतो, भेग असेल तर ठप्प होतो. तिसरा ठप्प निघाला. चौथ्याचा टोपीचा स्क्रू आणि मुठीचा बोल्ट गायब. जुन्या स्टॅन्लीचे आटे आपल्या मेट्रिक बोल्टला जुळत नाहीत, त्यामुळे तो फक्त सुट्या भागांसाठी ठेवला. तळ सपाट आहे का, याचा बाऊ करायचा नाही. टोक, तोंडाची पुढची कड आणि शेपूट या तीन जागा एका पातळीत लागल्या की पुरे. मधला किंचित खोलगटपणा कामाला आड येत नाही.

बाबा, कोअर बॉक्सचा रंधा तुमच्यासाठी मुद्दाम हातात धरून बघितला. काटकोनात जुळलेले दोन तळ आणि कोपऱ्यात पात्याचं टोक. दोन्ही तळ अर्धगोलाच्या दोन कडांना टेकवत न्यायचे, की पात्याचं टोक आपोआप गोलाईवरच फिरतं, कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोनच असतो. गुण्या लावून बघितला, दोन तळांमधला काटकोन अजून नेमका आहे. तो झिजून 89 झाला असता तर बॉक्स अंड्यासारखा आला असता.

आणि त्या पट्ट्या. चार पोलादी पट्ट्या आहेत, त्यातल्या तीन आकसणुकीच्या. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून यांच्यावरची मापं तेवढी वाढवून आखलेली असतात. बिडाची फुटाला 1/8 इंच, ॲल्युमिनिअमची फुटाला 5/32, पोलादाची पाव इंच. बिडाच्या पट्टीवरचे 300 मिलिमीटर म्हणजे खरे 303. ओतकामाला ते हवेच असतात, पण फर्निचरला ही पट्टी चुकून हाती आली तर ड्रॉवर 3 मिलिमीटरनं मोठा होतो आणि का ते कळतच नाही. तिन्हींच्या टोकाला मी लाल रंग लावणार आहे. नेहमीच्या पट्ट्यांशेजारी त्या ठेवायच्याच नाहीत.

करवतींपैकी एकच घेण्यासारखी होती. बाकीच्यांच्या पात्याला मुरड पडलेली. सलग बाक असेल तर ठोकून निघतो, मुरड निघाली तरी पुन्हा तिथेच बसते.

शिकंजा जड आहे, 15 किलोंच्या वर. पटकन सुटणाऱ्या शिकंज्यात स्क्रूला एका बाजूनं धरणारा अर्धगोल नट झिजतो, आणि ते मोकळा फिरवून कळत नाही. मध्ये लाकूड धरून पूर्ण आवळायचा. झिजलेला असेल तर शेवटच्या वळशाला कट्‌ आवाज करून घसरतो. हा घसरला नाही.

आता तो लॉट घरी का नको, ते. एक, वजन. तुम्ही दोघं पायरीवरून ते खोकं ‘जरा सरकवू’ म्हणणार हे मला माहीत आहे. दोन, लाकडी रंधे. सहा आहेत, त्यातल्या दोघांच्या कडेला टाचणीएवढी भोकं. भुंगा जुना की जिवंत हे लगेच सांगता येत नाही. काळ्या कागदावर प्लॅस्टिकमध्ये बंद करून ठेवले की ताजा पिठासारखा भुसा पडतो का ते दिसेल. तोवर ते आईच्या कपाटाच्या आणि आजीच्या पलंगाच्या आसपासही नकोत. तीन, तुमचा दमा. गंज खरवडणं, जुना रंग काढणं, सागाचा भुसा, हे सगळं छातीत जाणारं आहे. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं कर्करोगकारक ठरवलेलं आहे, आणि तुमच्या पिढीनं ती तोंडाला रुमालही न बांधता खाल्ली. बाबा, आता पुरे. धुळीचं सगळं काम माझं.

 

तुमच्या पेटीत येतील त्या आतून धारेच्या 11 गोल पटाश्या. गंज काढून, मुठी घट्ट करून मी आणीन. धार तुम्ही लावायची. या धारेसाठी माझा हात अजून तितका बसलेला नाही, आणि कुठली पटाशी कुठल्या गोलाईला हे तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही. दोन मुठींवर जुन्या कारागिरांची नावं ठोकलेली आहेत, ती मी घासणार नाही. तुम्ही ओळखाल कदाचित. लहानपणी माझं बोट धरून ‘ही पाठ, हिला कधी उतार द्यायचा नाही’ म्हणून जे दाखवलंत, तेच आता या 11 जणींवर पुन्हा दाखवा, मी सुट्टीला येईन तेव्हा.

पण असं करायचं. खिडकीजवळच्या हाताच्या खुर्चीत बसून, पाट मांडीवर नाही, स्टुलावर. सकाळी नाश्ता आणि गोळ्या झाल्यावर, एका वेळी एक पटाशी, मग उठून दोन फेऱ्या. कोरडं घासायचं नाही, पाणी घालूनच, म्हणजे धूळ उडत नाही. गोलाईपेक्षा थोड्या लहान दांड्यावर वॉटर पेपर गुंडाळायचा: 400, मग 800, मग 1500. पाठ फक्त सपाट दगडावर गोल फिरवत, एक अंशही न उचलता. मुख्य उतार 25 अंश आहे, तो बदलू नका. मऊ लाकडाला पुरेसा आहे.

तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता, हे विसरायचं नाही. पटाशी मुठीकडून धारेकडे पुसायची, धारेवरून आडवी नाही. कापलंच तर स्वच्छ फडक्यानं सलग 10 मिनिटं दाबून धरायचं, मधे उघडून बघायचं नाही, हात वर. नाही थांबलं तर शेजारच्या दादाला हाक आणि सरळ दवाखाना. ‘थांबेल’ म्हणून बसायचं नाही. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते फाइलमध्ये बघा. 10 वर्षं झाली असतील तर पेटी यायच्या आधी घ्या.

आई, तुझी पापडाची खाट आहे तिथेच राहील. झोपाळाही. मागच्या खोलीतली तुझी डाळीची पिंपं बाबांनी बाहेर काढली असतील तर पुन्हा आत ठेवायला लाव, पण तू उचलू नकोस, गुडघ्याचं बघ. पेटी जाईल ती खिडकीखालच्या कोनाड्यात, फूटभर रुंदीची आहे, तुझ्या वाटेत येणार नाही. एक काम मात्र तुझ्यावर सोपवते. मुठींना बाबा जवसाचं तेल लावणार. ते तेलकट फडकं चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्यात टाकू द्यायचं नाही. ते वाळताना आतल्या आत तापतं आणि पेट घेऊ शकतं. दोरीवर सुटं पसरून वाळवायचं, किंवा पाण्यात बुडवून मग फेकायचं. पात्यांना शिलाई मशीनचं तेल, खोबरेल नको, ते चिकट होतं. आणि बाबांनी घरी गंज काढायला लिंबूफूल आणायला सांगितलं तर आणू नकोस. गंज काढायची बादली माझ्याकडेच राहू दे. बाथरूममधल्या ब्लीचशी ते मिसळलं तर विषारी वायू होतो.

टेम्पो रविवारी शॉपवरून परस्पर पुण्याला निघेल. बाबा, तुम्हाला लॉट बघायचा आहे, मला ठाऊक आहे. शनिवारी संध्याकाळी मी तुम्हाला रिक्षानं शॉपवर घेऊन जाईन, खुर्ची मागवून ठेवली आहे. बघा, हात लावा, नावं सांगा. उचलायचं काही नाही. इनहेलर खिशात, आणि जिना चढायचा नाही, सगळं खालीच मांडून घेतलं आहे.

तुमची,
मनू

ता. क. दुसऱ्या ढिगातली एखादी वस्तू तुम्हाला पहिल्यात टाकावीशी वाटली तर शनिवारीच सांगा. भंगारवाला सोमवारी येणार आहे.