तक्रार कुणी केली, हे विचारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारी हळद होती. हल्ली हळद म्हटली की डॉल्बी आलीच. दहा वाजले, साडेदहा वाजले. पावणेअकराला आमच्या न्हाणीघराचे पत्रे थडथडायला लागले, तेव्हा मी पोलिसांना फोन लावला. पोलीस वेळेत आले, हे मान्य करायला हवे. पण गाडी मांडवापुढे न थांबता माझ्या दारात थांबली आणि आतून एकाने खणखणीत आवाजात विचारले, "फोन तुम्हीच केला होता ना?" अख्खी गल्ली जागीच होती. डॉल्बी बंद झाली खरी, पण सकाळी डेअरीत दूध घालायला गेलो तर रांगेतले बोलणे मला बघून थांबले. दूधही त्या दिवशी निम्मेच होते. रात्रीच्या दणक्याने म्हैस पान्हावलीच नव्हती. शेजाऱ्यांच्या गोठ्यातही तेच झाले असणार, पण ते मला सांगतील कशाला?

गोंगाटाबद्दल आपल्या दैनिकात पत्रे येतात, ती बहुतेक शहरातली असतात. शहरात तक्रार करणारा म्हणजे एक मोबाइल नंबर. गावात तो भावकीतला असतो. त्याच्या रानाची पाण्याची पाळी मांडववाल्याच्या पाळीला लागून असते, ऊस तोडायला दोघांकडे एकच टोळी येते, आणि उद्या घरात कुणी गेले तर खांदा द्यायला पहिला तोच शेजारी येणार असतो. अशा ठिकाणी 'कोणी तक्रार केली तर कारवाई करू' या वाक्याचा व्यवहारातला अर्थ 'कारवाई होणार नाही' एवढाच निघतो. मला या पत्रात सांगायचे आहे ते इतकेच.

कायद्याची वाण नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. सार्वजनिक जागी लावलेल्या ध्वनिक्षेपकाला त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त चालतात, पण ७५ च्या वर कुठेच नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की नको असलेला आवाज दुसऱ्याच्या कानात ओतण्याचा हक्क कुणालाच नाही. आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावले की तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करा, आणि ती कळली असेल तर समोरच्याला सांगू नका. तो निकाल मुंबईतल्या एका नगराच्या प्रकरणात लागला. त्याची खरी गरज आमच्यासारख्या दोन-तीन हजार वस्तीच्या गावाला आहे.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवले, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या रात्री मोबाइलवरच्या ॲपने माझ्या ओट्यावर ९४ आकडा दाखवला. ॲपचा भरवसा किती धरायचा हा प्रश्न आहेच. तरीही दिवसा चालणारे ६५ (५५ आणि वरचे १०) आणि हे ९४ यांत फरक २९ चा, म्हणजे 'दीडपटीला थोडा कमी' असे ज्यांना वाटते त्यांनी पुन्हा वर्गात बसावे. डेसिबलची मोजपट्टी अशी आहे की १० ने आकडा वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. २९ म्हणजे जवळजवळ आठशे पट. त्यातही नियमातली मोजणी माणसाच्या कानाच्या धर्तीवर केलेली असल्याने खर्जातल्या ठोक्याला कमी वजन देते. म्हणजे पत्रे हलवणारा, छातीत बसणारा जो 'धम्म' असतो, तो यंत्रावर पुरता उमटतसुद्धा नाही. भिंत आडवी आली तरी तो अडत नाही. खिडक्या लावून घ्या म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता माझीही एक कबुली. बारा वर्षांपूर्वी थोरल्याच्या वरातीत आम्हीही डॉल्बी लावली होती. मागच्या गल्लीतल्या एका आजींनी दुसऱ्या दिवशी आमच्या सौ.ना विचारले, "झालं का बाई मनासारखं?" आम्हाला तेव्हा तो आशीर्वाद वाटला होता.

गावाने मुके व्हावे असे माझे म्हणणे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हा आमच्या नदीकाठच्या गावात वीज नव्हती, फोन मेले होते. ट्रॅक्टरवर बॅटरी ठेवून फिरवलेला ग्रामपंचायतीचा भोंगा हाच एक आधार होता. 'खालच्या आळीनं जनावरं सोडा' ही हाक रात्री दोनला आली होती आणि तिने कुणाची झोपमोड झाल्याचे कुणी म्हटले नाही. तोच भोंगा आता घरपट्टी भरा म्हणून दिवसातून चार वेळा ओरडतो. उद्या खरेच पाणी आले तर लोक उठतील की 'पुन्हा घरपट्टी' म्हणून कूस बदलतील, याची मला धास्ती आहे. गजराची किंमत तो क्वचित वाजतो यातच असते. देवळाचा काकडा असो की मशिदीची अजान, सकाळी सहाच्या आत ती ध्वनिक्षेपकावरून देऊ नये एवढेच नियम सांगतो. दिवसाच्या टाळ-मृदंगाला कुणी हात लावलेला नाही. बुलेटच्या सायलेन्सरचे फटाके काढणाऱ्या पोरांबद्दल मी लिहीत नाही. त्यांचे आईबाप हे पत्र वाचतीलच.

उसाच्या ट्रॅक्टरचे मात्र वेगळे आहे. नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत आमच्या रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर धावतात आणि प्रत्येकावर मांडवाला पुरतील एवढे स्पीकर असतात. ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणे येते, आणि तो गेल्यावरही बराच वेळ मागे राहते. मी पहिल्यांदा चिडलो, मग एकदा टपरीवर एका ड्रायव्हरशेजारी चहाला बसलो. तो म्हणाला, "सर, काट्यावर नंबर लागंस्तवर दोन-दोन रात्री झोप नसतीया. टेप बंद केला की डोळा लागतोय. मग ट्रॉली कुणाच्या अंगावर जाईल?" यावर काय बोलणार? स्पीकर बाहेरच्या बाजूला कशाला तोंड करून बसवलेत, हे मी विचारले. तो हसला. "त्यो शौक म्हणा." म्हणजे या आवाजातला निम्मा शौक आहे आणि निम्मी न मिळालेली झोप. शौकाला दंड लावता येईल. झोपेचे काम कारखान्यांना करावे लागेल. नंबराची चिठ्ठी वेळ सांगून दिली आणि वजनकाट्याजवळ आडवे व्हायला एखादी शेड बांधली, तर ड्रायव्हर नुसता रांगेत जागत बसणार नाही. वाहतूकदाराशी करार करतानाच 'रात्री गावातून जाताना स्पीकर बंद' ही अट घालता येते. तेव्हाही गावातल्या कुणाला फोन करावा लागणार नाही.

शेजारच्या कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव आपल्याला माहीत असेलच. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरत होते म्हणे. तिथे कोणते कलम लागले? कुणी कुणाविरुद्ध तक्रार केली? गावाने मिळून वेळ ठरवली आणि ती भोंग्यावर सोपवली. शेजाऱ्याचा टीव्ही बंद व्हावा म्हणून शेजाऱ्याला तोंड उघडावे लागले नाही.

आमच्या गावाने हेच डॉल्बीच्या बाबतीत करावे, असे मी येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडणार आहे. लग्नघराला धरण्यात अर्थ नाही. त्या दिवशी घरचा कर्ता कुणाचेच ऐकण्याच्या स्थितीत नसतो आणि दहा वाजता पोरांना 'बंद करा' म्हणणे त्याच्याही जिवावर येते. धरायचे डॉल्बीवाल्याला. त्याने गावातली सुपारी घेतली की दोन दिवस आधी पोलीस पाटलांकडे नोंद करावी, परवानगीचा कागद दाखवावा, किती बॉक्स आणणार ते लिहून द्यावे. पावणेदहाला ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून एकदाच सूचना व्हावी आणि दहाला मशीन बंद. ज्याने बंद केले नाही, त्याला वर्षभर गावातली सुपारी कुणी द्यायची नाही. त्याचे लाखोंचे सामान असते, हंगाम दोन-तीन महिन्यांचा असतो. दंडापेक्षा सुपारी गेल्याची त्याला जास्त भीती. सवलतीचे जे दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, त्यांची यादी चावडीच्या फळ्यावर लागावी, म्हणजे प्रत्येक रात्र 'आज सूट आहे' म्हणून खपणार नाही. ठरावाने पोलिसांचे काम संपत नाही, कायदा आहे तसाच राहतो. फक्त तक्रार घड्याळ करील, माणूस करणार नाही.

गावात या बेताची कुणकुण लागली तेव्हा एका तरुण सदस्याने मला वाटेत गाठून विचारले, "सर, आमची हौस वर्षातनं दोन दिवस. तेवढंबी बघवंना व्हय?" त्याचे चुकत नाही, त्याची दोनच दिवसांची असते. पण गावात घरे चारशे आहेत, हे मी त्याला सांगितले. तो क्षणभर मनात गुणाकार करत उभा राहिला, मग म्हणाला, "बरं, हलगी-घुमक्याला तरी काय म्हणू नका." हलगीला माझी काहीच हरकत नाही. वाजवणाऱ्याचे हात दुखतात, त्यामुळे ती कधीतरी थांबते.

शेवटी एक विनंती. हे पत्र छापलेत तर खाली माझे आणि गावाचे नाव घालू नये. शेजाऱ्यांनी परवाच पहिल्यांदा घरी बोलावून चहा दिला आहे, आणि त्यांच्या धाकट्याची हळद पुढच्या महिन्यात आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक
ता. पलूस, जि. सांगली