एमिट स्मिथ की जिम ब्राउन?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये एमिट स्मिथने बॉल घेऊन धावत काढलेल्या १८,३५५ यार्डांपुढे बाकी सगळे रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारे खेळाडू) पाणी भरतात, असं तू ठासून लिहिलं आहेस. आकडा खरा आहे आणि तो लवकर मोडेल असं मलाही वाटत नाही. पण तेवढ्यावर सर्वश्रेष्ठ कोण हे ठरवायला मी तयार नाही. एकूण धावा मोजून आपण ब्रॅडमनला खाली ढकलतो का? मग हा न्याय जिम ब्राउनला का लावायचा?

माझं म्हणणं एवढंच की रनिंग बॅकला आधी त्याच्याच काळातल्या, त्याच नियमांखाली आणि त्याच मैदानावर धावणाऱ्यांच्या शेजारी उभं करायचं. दुसऱ्या काळातल्यांशी तुलना त्यानंतर.

ब्राउन १९५७ मध्ये क्लीव्हलँडकडून खेळू लागला तेव्हा मोसमात सामने १२ होते. १९६१ पासून १४ झाले, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७. स्मिथ १५ मोसम आणि २२६ सामने खेळला. ब्राउन ९ मोसम, ११८ सामने, त्यातही एकही सामना न चुकवता. त्याचे यार्ड १२,३१२, म्हणजे सामन्यामागे १०४.३. स्मिथचे सामन्यामागे ८१ च्या आसपास येतात. ब्राउनच्या सरासरीने आजच्या १७ सामन्यांचा मोसम धर, पावणेअठराशेच्या जवळ जातो. आणि ही त्याची नेहमीची चाल होती, एखाद्या सुगीच्या वर्षाची नव्हे.

आता मैदानाकडे बघ, कारण ही गोष्ट वादात कुणी काढतच नाही. मैदानाची रुंदी ५३ यार्ड आणि १ फूट. प्रत्येक डाव दोन हॅशमार्कांच्या (मैदानावर लांबीच्या दिशेने आखलेल्या आखूड खुणांच्या दोन रांगांच्या) मधून किंवा त्यांच्यावरून सुरू होतो. १९७२ पूर्वी हे हॅशमार्क कडेच्या रेषेपासून फक्त २० यार्ड आत होते. बॉल कडेला थांबला की पुढच्या डावात एका बाजूला २० यार्डांचीच जागा उरायची, बचावफळी उरलेल्या रुंद बाजूला सरकून उभी राहायची, आणि अरुंद बाजूला कडेची रेषाच जणू एक जादा बचावपटू व्हायची. १९७२ मध्ये हॅशमार्क २३ यार्ड १ फूट ९ इंचांवर, म्हणजे गोलपोस्टच्या रुंदीएवढे जवळ आणले. त्याच मोसमात १० जणांनी हजार यार्ड ओलांडले. ब्राउनची सगळी कारकीर्द जुन्या आखणीवर गेली. शिकागोचा वॉल्टर पेटन, डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स आणि तुझा स्मिथ, तिघंही नव्या आखणीवर धावले.

१९५८ चा मोसम घे. १२ सामन्यांत ब्राउनचे १,५२७ यार्ड. दुसऱ्या क्रमांकावर बाल्टिमोरचा अ‍ॅलन अमीची, ७९१. जवळपास दुप्पट! इतकं अंतर पुढे कुणी ठेवलं का, तूच शोध. ९ मोसमांपैकी ८ मोसमांत लीगमध्ये सर्वाधिक यार्ड ब्राउनचे होते. फक्त १९६२ मध्ये ग्रीन बेचा जिम टेलर पुढे गेला. हाच मान स्मिथला चारदा मिळाला, बॅरी सँडर्सला चारदा आणि वॉल्टर पेटनला एकदाच, १९७७ मध्ये.

तुझा आक्षेप मला ठाऊक आहे: त्या काळचे बचावपटू हलके होते आणि ब्राउन १०५ किलोंचा. शिवाय कृष्णवर्णीय खेळाडूंना लीगची दारं पुरती उघडलेली नव्हती, वॉशिंग्टनच्या संघात तर १९६२ पर्यंत एकही नव्हता. म्हणजे चांगले प्रतिस्पर्धी बाहेरच राहिले. हा मुद्दा वजनदार आहे, मी तो झटकत नाही. पण त्याच बचावफळ्यांसमोर बाकीचेही धावत होतेच की. त्यांना ७९१ का पडावेत?

स्मिथबद्दल मात्र मी कोतेपणा करणार नाही. लोक म्हणतात, त्याच्यापुढे वाट मोकळी करणारे नेट न्यूटन, एरिक विल्यम्स, लॅरी अ‍ॅलन असे डोंगर उभे होते, त्यांच्यामागून कुणीही धावला असता. हे चूक आहे. स्मिथच्या डॅलस संघाचा लीड ड्रॉ हा डाव नीट बघ. क्वार्टरबॅक (डाव चालवणारा आणि पास टाकणारा) ट्रॉय एकमन पास टाकायचा असल्यासारखा मागे सरकतो. पास आहे असं समजून समोरचे डिफेन्सिव्ह लाइनमन (बचावाची पहिली रांग) त्याच्यावर चालून येतात, आणि आपले टॅकल (आपल्या रांगेतले कडेचे खेळाडू) त्यांना त्यांच्याच जोरात बाहेर रेटतात. मध्ये फट पडते. तिच्यात आधी फुलबॅक (रनिंग बॅकपुढे वाट करून देणारा) डॅरिल जॉन्स्टन घुसतो आणि लाइनबॅकरला (बचावाच्या दुसऱ्या रांगेतल्याला) धडकतो. स्मिथ त्याच्या मागे, क्षणभर थांबलेला. इथे सगळी कसोटी आहे. घाई केली तर जॉन्स्टनचा ब्लॉक (अडवण्याची धडक) बसण्याआधीच तो त्याच्या पाठीवर आदळतो. उशीर केला तर दुसऱ्या बाजूने पाठलाग करणारा फट बुजवतो. जॉन्स्टनचा खांदा लाइनबॅकरच्या कुठल्या बाजूला लागला ते बघायचं आणि त्याच बाजूने निघायचं. स्मिथची नजर इथे क्वचितच चुकली. १६४ रशिंग टचडाउन (बॉल घेऊन धावत शेवटची रेषा ओलांडणं) केवळ डोंगरांच्या सावलीत होत नाहीत.

सँडर्स अगदी दुसऱ्या टोकाचा. डेट्रॉइटमध्ये बरीच वर्षं त्याच्यापुढे फुलबॅक नसायचाच. उंची ५ फूट ८ इंच, बूड खाली, पावलं आखूड आणि कायम शरीराखाली. त्यामुळे दिशा बदलायला त्याला वेग कमी करावा लागायचा नाही. कबड्डीतला चढाईपटू कोपऱ्यात सापडल्यावर हुलकावणी देतो ना, तशी तो पाच जणांना एका डावात द्यायचा. १९९७ च्या पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याचे ५३ यार्ड होते. मग उरलेल्या चौदाही सामन्यांत त्याने शंभरी ओलांडली आणि मोसमाअखेर २,०५३ वर पोचला.

पण त्याची किंमत संघाला मोजावी लागायची. फट बंद दिसली की दोन यार्ड पदरात पाडून घेण्याऐवजी तो मागे वळून दुसरी वाट शोधायचा. पहिल्या डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी पहिल्याला) ३ यार्ड मागे गेलं की पुढच्या डाउनला १३ हवेत. आता पासच येणार हे समोरच्याला कळतं, आणि क्वार्टरबॅकच्या अंगावर चाल होते. १९९४ च्या मोसमातल्या प्लेऑफ सामन्यात ग्रीन बेने त्याला १३ कॅरींमध्ये (बॉल घेऊन धावण्याच्या प्रयत्नांत) उणे १ यार्डावर रोखलं. निव्वळ एक धाव बघायची असेल तर मी सँडर्सचीच बघेन. चौथ्या डाउनला एक यार्ड हवा असेल तर बॉल ब्राउनच्या हातात देईन.

पेटनपाशी मात्र माझं मन अडतं. १६,७२६ यार्ड, १३ मोसमांत चुकलेला सामना एकच, ४९२ कॅच, आणि बॅक असून स्वतः टाकलेले ८ टचडाउन पास. पण त्याचं खरं काम बॉल हातात नसताना दिसतं. ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा बचावपटूंची चाल) आला की बॅकने आधी आतून येणाऱ्याला बघायचं, मग बाहेरून येणाऱ्याला, कारण क्वार्टरबॅकपर्यंतची आतली वाट सर्वांत जवळची. बरेच बॅक इथे चुकतात, किंवा पायात लोळण घेऊन काम उरकतात. पेटन गुडघे वाकवून समोरच्याच्या छातीत शिरायचा. या ब्लॉकची नोंद यार्डांच्या तक्त्यात होत नाही. ब्राउनची नावड नेमकी याच कामाची होती, हा आरोप त्याच्यावर तेव्हापासून आहे आणि मी तो नाकारत नाही. उलट पेटनच्या खात्यात ८६ फम्बल (हातातून बॉल सुटणं) आहेत, सँडर्सच्या ४१. एकेका यार्डासाठी शेवटपर्यंत झगडणाऱ्याच्या हातातून बॉल जास्त वेळा सुटतो, कारण पहिल्याने धरून ठेवलं की दुसरा आणि तिसरा येऊन बॉलवरच मारतात.

म्हणून माझा क्रम असा: ब्राउन, पेटन, सँडर्स, स्मिथ. पहिल्या दोघांतलं अंतर बोटभर आहे.

स्मिथला वर न्यायचं असेल तर १८,३५५ वर विसंबू नकोस, २ जानेवारी १९९४ चा न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा सामना पुढे कर. खांद्याला जबर दुखापत, तरी ३२ कॅरींत १६८ यार्ड आणि १० कॅचवर ६१, आणि जादा वेळेत विजय. त्याच मोसमात करार न झाल्याने तो पहिले दोन सामने बाहेर होता आणि डॅलस दोन्ही हरलं होतं. मला तिसरा आणि चौथा क्रमांक पुन्हा तपासायला लावेल असा पुरावा हाच आहे. यावर सविस्तर लिही. एरिक डिकरसनचे एका मोसमातले २,१०५ यार्ड आणि ओ. जे. सिम्पसनचे १४ सामन्यांतले २,००३ यांचं पुढच्या पत्रात बघू.

तुझाच,
ब्राउनवाला