औषध सहाय्य कक्षासाठी आवाहन : पाडव्याच्या आत आपला हात पुढे यावा

कराड शहरातील सर्व सभासद, आजी-माजी देणगीदार आणि पेठेतील नागरिक बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या औषध सहाय्य कक्षात आज जी शिल्लक आहे ती फार तर गुढीपाडव्यापर्यंत पुरेल. कार्यकारिणीच्या बैठकीत हिशेब वाचला तेव्हा दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग पत्र काढायचं ठरलं आणि ते माझ्याकडे आलं. शिधापत्रिकांच्या झेरॉक्स बाजूला सारून टेबलावर जागा केली आहे आणि लिहायला बसलो आहे. मागचं-पुढचं झालं तर सांभाळून घ्यावं.

कक्ष कसा उभा राहिला हे जुन्या मंडळींना सांगायला नको. पण नव्यानं राहायला आलेली बरीच कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा-कोयनेचं पाणी काठावरच्या घरांत शिरलं. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी शाळेत आले. भात-आमटीची सोय पहिल्याच रात्री झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका आजींना चक्कर आली, तेव्हा कळलं की बीपीच्या गोळ्यांचा डबा घरात राहिला आणि घर पाण्यात. गुरुजींनी लगेच शंभर पानी वही काढली आणि वर्गावर्गांतून फिरून ज्याला त्याला विचारलं, ‘रोज काय घेता?’ कुणी सांगितलं पांढरी गोळी, कुणी म्हणालं जेवणाआधीची बारकी. आपल्या मेडिकलवाल्या दादांनी शटर अर्धं उघडून त्या वहीवरून गोळ्या ओळखल्या आणि दिल्या. पैशाचं विचारलं तर म्हणाले, पाणी उतरू दे. तीच वही आजही कक्षाच्या कपाटात पहिल्या खणात आहे आणि तिच्याच पुढच्या पानावर कक्षाची पहिली नोंद आहे.

ते कपाट वखारवाल्या काकांनी दिलं. नुसतं दिलं नाही, हमालाबरोबर स्वतः जिना चढून लावून गेले. शाळेतल्या बाई निवृत्त झाल्यापासून दर महिन्याच्या सात तारखेला पेन्शनमधून पाचशे रुपये घेऊन यायच्या; पावती फाडेपर्यंत उभ्या राहायच्या, बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. शेवटच्या आजारपणात त्यांनी नातवाच्या हाती पाकीट पाठवलं, त्यावर तारीख सातच होती. बचत गटाच्या ताईंनी एका उन्हाळ्यात सांडगे-पापड विकून आलेला सगळा नफा दिला. आणि गणेशोत्सवाच्या पोरांचं तर किती सांगावं! एका वर्षी ध्वनियंत्रणेवरचा खर्च निम्मा करून उरलेली रक्कम त्यांनी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, डोळ्यांवर झोप असताना, कक्षात आणून ठेवली. तालुक्यात असं दुसरं मंडळ दाखवा. परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींनीही वेळोवेळी पाठवलं आहे, त्यांचीही आठवण आहे.

आता मूळ मुद्दा. ‘सरकारच्या एवढ्या योजना असताना तुमचा कक्ष कशाला?’ असं पुष्कळ जण तोंडावर विचारतात. प्रश्न योग्य आहे. उत्तर असं की योजना आहेत आणि चांगल्या आहेत. आपला निम्मा वेळ लोकांना त्या मिळवून देण्यातच जातो. पण बहुतेक योजना माणूस खाटेवर असेपर्यंत त्याच्याबरोबर असतात. तो घरी आला आणि रोजची गोळी सुरू झाली की त्या गोळीचा खर्च घरच्यांवरच येतो.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना घ्या. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर आली आणि २०१७ पासून तिचं आताचं नाव आहे. जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे आणि आता शिधापत्रिकेच्या रंगाची अट नाही, पांढरं कार्डही चालतं. ही फार मोठी गोष्ट आहे. सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, केंद्राच्या आयुष्मान भारत या उपचार योजनेचं वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. पण औषधांचं बघाल तर आयुष्मानमध्ये घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांची औषधं धरलेली आहेत. सोळाव्या दिवशी काय?

आपल्याकडच्या एका रिक्षावाल्या भावाचं मूत्रपिंड बदललं. शस्त्रक्रिया योजनेत बसली, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या लागतात त्या जन्मभराच्या असतात, एक दिवसही चुकवून चालत नाही आणि त्यांचा महिन्याचा खर्च त्याच्या घरभाड्याहून जास्त आहे. रिक्षा तो अजून पूर्ण दिवस चालवू शकत नाही. गेली दोन वर्षं त्या गोळ्यांचा निम्मा भार आपला कक्ष उचलतो आहे. पाडव्यानंतर त्याला काय सांगायचं, हे मला कुणीतरी सांगावं.

दुसरं घर सोमवारी कक्षात आलं होतं. नवरा-बायको दोघंही साठीच्या पुढचे, मुलगा बाहेरगावी आणि त्याचीच ओढाताण. काकांना बीपी आणि हृदयाचं, काकूंना साखर आणि थायरॉइड. काकूंनी बिस्किटाचा डबा उघडून टेबलावर पाकिटं मांडली तेव्हा लक्षात आलं, एक महिना काकांच्या गोळ्या पूर्ण आणि काकूंच्या नाहीत, पुढच्या महिन्यात उलटं. आळीपाळीनं! असं वर्षभर चाललं होतं. कक्षात काम करणाऱ्या कॉलेजच्या मुलींनी त्यांच्या चिठ्ठीवरचं एकेक औषध सरकारी जनऔषधी केंद्रांतल्या स्वस्त औषधांच्या यादीशी ताडून पाहिलं, डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि महिन्याचं बिल निम्म्याहून खाली आलं. साखरेची आणि बीपीची साधी औषधं तर उपजिल्हा रुग्णालयात मोफत मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे नाहीत. काकूंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारं कुणी नसणं हाच निम्मा आजार आहे, असं मला या कामात पक्कं पटलं आहे.

जनऔषधी केंद्रांचंच बघा. २००८ मध्ये योजना सुरू झाली, आज दोन हजारांहून जास्त औषधं यादीत आहेत आणि बाजारातल्या नावाच्या औषधांपेक्षा किंमत पन्नास ते ऐंशी टक्क्यांनी कमी असते. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तोही दिलासा आहे. तरी दोन-तीन औषधं एकाच गोळीत असली की ती गोळी जनऔषधीत पुष्कळदा मिळत नाही, किंवा माल संपलेला असतो. अशा वेळी वयस्कर माणूस दोन फेऱ्या मारून थकतो आणि आठवडाभर गोळीच घेत नाही. म्हणून कक्ष आधी फोन करून साठा विचारतो आणि मगच माणसाला पाठवतो. काम दिसायला किरकोळ आहे, पण रोज दोन तास खातं.

मोठ्या आजारात मुख्यमंत्री सहायता निधी आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्न दाखला लागतो, वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आतला. डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, आधार, शिधापत्रिका लागते, आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. आधी खर्च करून नंतर मागितले तर मिळत नाहीत. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी पूर्ण मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. निर्धनांना औषधंही त्यातच. हे सगळं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं आहे आणि तरी लोक घरी सोडल्यावर बिलाची फाइल घेऊन आमच्याकडे येतात. गेल्या पावसाळ्यात एका कुटुंबाला एका रुग्णालयात ‘हे योजनेत बसत नाही’ असं काउंटरवर तोंडी सांगितलं आणि त्यांनी दागिने मोडले. योजनेबाबत रुग्णालयात मदत करणाऱ्या आरोग्यमित्राची खिडकी त्याच मजल्यावर होती. एक फोन आला असता तर! म्हणून हात जोडून विनंती : दाखल होतानाच या, निदान फोन करा. रात्री अकरा वाजता केलात तरी आम्ही उचलतो.

आता थोडं मनातलं बोलतो. गेल्या वर्षी याच कामासाठी आम्ही घरोघरी पत्रं वाटली. उत्तरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली. वाईट पैशाचं वाटलं नाही, परिस्थिती प्रत्येकाची असते. वाईट याचं वाटलं की ज्यांच्या घरचे कागद आमच्या मुलांनी सातारा-कराड फेऱ्या मारून पुरे केले, ज्यांच्या रुग्णाबरोबर आमचा माणूस रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईत परळपर्यंत गेला, त्यांतल्या काहींनी रस्त्यात भेटल्यावर नजर चुकवली. पैसे नव्हते तर नव्हते. येऊन एक तास बसला असतात, दोन अर्ज लिहिले असतेत, तरी आम्हाला दहा हत्तींचं बळ आलं असतं. अर्ज भरणारे आपले निवृत्त भाऊसाहेब गेल्या आषाढात गेले. तहसीलमधला कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या जागी आज कॉलेजच्या दोन मुली आणि मी आहोत, आणि मुलींच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत.

शिधापत्रिकेत सुनेचं नाव चढलेलं नाही, आधारवर आडनावाची वेलांटी वेगळी आहे, शिधापत्रिकेचा बारा अंकी नंबर ऑनलाइन दिसत नाही, अशा बारीक गोष्टींवर पाच लाखांची योजना अडून बसते. ती सोडवायला पैशाइतकीच माणसं लागतात.

तर मागणं असं. सध्या अडतीस घरं कक्षाच्या मासिक यादीत आहेत. एका घराची सरासरी हजार रुपयांची औषधं आपण महिन्याला भरतो. वर्षभराची तरतूद करायची तर साडेचार लाखांच्या आसपास लागतात. एका घराचं एक वर्ष उचलायचं तर बारा हजार, एक महिना उचलायचा तर हजार. शंभर रुपयेही तितक्याच आनंदानं घेऊ आणि पावती देऊ. रोख रक्कम कक्षात सोम. ते शनि. सायं. ६ ते ८, रविवारी स. १० ते १२, रु. २,०००/- पर्यंतच (८० जी ची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकराची सवलत त्यापुढे रोखीला मिळत नाही, नवी करपद्धत घेतलेल्यांना ती तशीही नाही). त्यापुढची रक्कम धनादेशानं मंडळाच्या नावे किंवा खात्यात. खाते क्रमांक व क्यूआर फलकावर आणि पावतीपुस्तकाच्या मागे आहे, भरल्यावर नाव-पॅन कळवावं म्हणजे ३१ मार्चच्या आत पावती निघेल. पैसे रुग्णाच्या हाती दिले जात नाहीत, दुकानाचं बिल कक्ष परस्पर भरतो, आणि हिशेब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फलकावर लागतो. वेळ देणाऱ्यांनी नाव व मोकळे वार वहीत लिहावेत. संगणकावर टाइप करता येत असेल तर उत्तमच, तहसील किंवा बँकेतून निवृत्त झालेल्यांनी तर अवश्य यावं. प्रिंटर बंद आहे, चालू स्थितीतला असल्यास कळवावं. घरातल्या उरलेल्या गोळ्या मात्र कृपया आणू नयेत. त्या कशा ठेवल्या होत्या ते आम्हाला कळत नाही आणि दुसऱ्याला देण्याची जोखीम आम्ही घेत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कक्ष कुणाचीही एक गोळी बदलत नाही, हेही नव्यांनी लक्षात घ्यावं.

गुरुजींची वही कपाटात आहे, पुढची पानं कोरी आहेत. पाडव्याच्या आत कक्षात यावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीनं)

ता. क. – पाच-पाच गोळ्या कापून घेणाऱ्यांसाठी. पाकीट कापलं की औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख बहुधा दुकानातल्या अर्ध्या भागावर राहते, आणि आमच्याकडे नुसत्या चंदेरी चौकोनातल्या गोळ्या येतात. दुकानदाराला दोन्ही गोष्टी बिलावर लिहून द्यायला सांगा आणि ते बिल त्याच डब्यात ठेवा. कक्षात येताना डबा आहे तसाच घेऊन या.