तेवीस वर्षं आणि तीन 'नमो मरिये'

कोल्हापूर,
रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय बाबू,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही. शिव्या मनातल्या मनात देऊन झाल्या असतीलच. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच, माझी शुगरही माझ्यासारखीच, कुणाचं ऐकत नाही. आता मुद्द्याचं.

काल मी चर्चमध्ये कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली द्यायला, जाऊन आलो.

हसून झालं असेल तर पुढे वाच. धाकट्या बहिणीला मुलगा झाला आणि त्याच्या बाप्तिस्म्याला तिला धर्मपिता मीच हवा. मला वाटलं, मेणबत्ती धरायची, फोटोला उभं राहायचं आणि पांढऱ्या रश्श्यावर बसायचं. पण नवे फादर वहीच काढून बसले. वयाची सोळा पूर्ण? म्हटलं, तिसऱ्यांदा होत आली. दृढीकरणाचा विधी झालाय? झालाय की, तुझ्याच शेजारी उभा होतो. मग विचारलं, "शेवटचं कुमसार?" म्हटलं, "२००२." त्यांचं पेन थांबलं.

बाबू, हे साल मी आजवर मोठ्या तोऱ्यात सांगत आलो. चर्चच्या वर्गणीची वही काढून केलेला तो अपमान, तोही काका अजून मातीआड व्हायचे असताना! त्या दिवशी मी म्हटलं होतं, पुन्हा या पायरीवर पाय ठेवला तर नाव बदलेन. आणि गड्या, तू? वसईला गेलास, लग्न केलंस आणि दर रविवारी मिस्साला! मला कळलं सात वर्षांनी, तेही काकींकडून. म्हणजे बाप तुझा, अपमान तुझा आणि उपोषणाला मी. ते भांडण अजून मिटलेलं नाही, लक्षात ठेव.

पण काल रांगेत बसलो आणि घाम फुटला. आत जाऊन सांगायचं काय? काकांसाठी राग होता हे खरं, पण फार तर सहा महिने. पुढची सगळी वर्षं रविवारची मिसळ आणि क्रिकेट. राग केव्हाच ओसरला होता, मी नुसती त्याची पावती जपून ठेवली होती.

रंकाळ्यावर गॅलिलिओवरून तुला किती छळलं! त्याला दोषी ठरवण्यातली चर्चची चूक पोप जॉन पॉलनी १९९२ सालीच मान्य केली होती. मला ते ठाऊक होतं रे. बोललो असतो तर हुकमाचा एक्का गेला असता. आणि आता पोरांना विश्व प्रसरण पावतंय म्हणून सांगतो, पण १९२७ साली ते मांडणारा जॉर्ज लेमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता, हे वर्गात एकदाही तोंडातून निघालेलं नाही. मास्तर कसला, वकील झालोय.

एक राग मात्र खरा आहे. लेकरांवर हात टाकणाऱ्या फादरांना वरिष्ठांनी नुसतं या पॅरिशमधून त्या पॅरिशमध्ये हलवलं, ते बॉस्टनचं प्रकरण त्याच २००२ सालचं. तेव्हा वाचलं आणि पान उलटलं, कारण माझ्या भांडणात ते बसत नव्हतं. आता घरात मुलगी आहे. हा राग सोडणार नाही, असं आत सांगितलं. फादर म्हणाले, "नका सोडू." एवढंच.

प्रायश्चित्त काय, तर 'नमो मरिये' ही मरियामातेची प्रार्थना तीनदा. पहिल्यातच अडकलो! मोबाइल काढला तर शेजारच्या आज्जीनं असं बघितलं, जणू मी मॅच लावतोय. मग तीच जरा मोठ्यानं म्हणायला लागली आणि मी मागून ओढत गेलो, शाळेत प्रतिज्ञेला जायचो तसा.

श्रद्धा आली का, ते विचारू नकोस. बाप्तिस्म्यात आधी सैतानाचा त्याग करता का म्हणून विचारतात, ते उत्तर तयार आहे. नंतर विश्वास धरता का, हे तीनदा विचारतात आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं बोलावं लागतं. तिथं आत्तापासूनच घसा कोरडा पडतोय.

तुझ्या बदलीचं काय झालं? पोरीची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार सांग.

बाप्तिस्मा पुढच्या रविवारी सकाळी दहाला आहे. शनिवारी रात्रीची गाडी धर. संध्याकाळी काकांच्या कबरीवर जाऊ. त्या दिवसापासून मी तिथंही गेलेलो नाही, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझा,
जॉन्या