विषय: तेरा वर्षांच्या मुलीला पाठवलेलं शिकारीचं धनुष्य परत नेण्याबाबत

ग्राहकसेवा प्रमुख,

आज पाचवा फोन झाला. पंचवीस मिनिटं तुमचं गाणं ऐकलं, आता लेखी घ्या.

मागवलं होतं 'नवशिक्यांसाठी कंपाउंड किट', म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य. तुमच्याच फॉर्मात मुलीच्या पसरलेल्या हातांचं माप भरलं होतं, १५० सेंटिमीटर. म्हणजे ५९ इंच. अडीचने भागा, ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी जिथवर मागे ओढायची ते अंतर, साडेतेवीस इंचांच्या आसपास येते. आलं ते २९ इंची, ओढायला ६० ते ७० पौंडांचा जोर लागणारं. वर झाडापानांची नक्षी, आणि पेटीत बाणांची तीन-तीन पात्यांची, ब्लेडसारखी धारदार टोकं. अमेरिकेत हरणांमागे जाणाऱ्यांचा माल आहे हा! साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हापासून माझी मुलगी कंपाउंडच हवं म्हणून बसली आहे. तिला कागदी लक्ष्यावर नेम धरायचाय, सांबरावर नाही. १९७२चा वन्यजीव कायदा तुमच्यापर्यंत पोचला असेलच. आणि स्पर्धेत ६० पौंडांच्या वर चालतच नाही.

आता तुमच्या 'तांत्रिक तज्ज्ञा'विषयी. धनुष्य ओढलंच जात नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मुलीला दूध-अंडी द्या, सर." मला वाटलं, गंमत करतोय. मग ड्रॉ लेंग्थचं बोललो, तर म्हणे, "थोडं मागे झुकून उभं राहायला सांगा, ॲडजस्ट होईल." साडेपाच इंच ॲडजस्ट! मागे झुकायचं, खांदा वर चढवायचा आणि सुटलेली दोरी हातावर सपकन घ्यायची. हीच खोड मोडायला आमच्या सरांचे महिने जातात, आणि तुम्ही ती फोनवर फुकट शिकवता. पौंड कमी करायचे तर? "बोल्ट सैल करत जा, ओढता येईपर्यंत." ठरलेल्या आट्यांपलीकडे बोल्ट सोडले की धनुष्याचा वाकणारा भाग, लिम्ब, निसटून तोंडावर येऊ शकतो. तुमच्याच पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलंय, वाचा कधीतरी. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही स्वतः ओढून बघितलंत का? की घरात कोणालाच जमत नाही?"

बघितलं ओढून. खांदा अजून शेकतोय.

पेटी उघडली म्हणून परत घेणार नाही म्हणता. न उघडता आतलं २९ इंची आहे हे दिसायला मी काय संजय आहे? माप तुम्ही मागितलं, मी दिलं, तुम्ही २९ इंची पाठवलं. यात माझी चूक कोणती ते एकदा लिहून कळवा. थोरल्याचं रिकर्व्ह, म्हणजे बिनचाकांचं धनुष्य, तुमच्याकडूनच घेतलं होतं. तेव्हा तुमच्या माणसाने स्वतः फोन करून हाताचं माप दोनदा विचारलं होतं. तो माणूस सोडून गेला की काढलात?

आठ दिवसांत सगळे पैसे परत, आणि नेण्याचा खर्च तुमचा. नाहीतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे हे धनुष्य घेऊनच येईन, तुमच्या तज्ज्ञाने मागे झुकून ओढून दाखवावं.

ती टोकं कपाटात कुलपात ठेवली आहेत. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आधी फोन करा. मी लगेच उचलतो, गाणं ऐकवत नाही.

एक ग्राहक, सातारा