व्हॅनचे अस्तर आणि त्यामागची ओल

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

साध्या व्हॅनचे घरच्या घरी कॅम्परव्हॅनमध्ये रूपांतर कसे करावे, याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. खाट, पाण्याची टाकी, जादा बॅटरी, खिडक्यांचे पडदे या साऱ्यांविषयी लेखकाने मनापासून लिहिले आहे. मात्र आतल्या पत्र्याला कार्पेटचे अस्तर लावण्याचा विषय त्यांनी दोन वाक्यांत उरकला आहे आणि दुर्दैवाने ती दोन्ही वाक्ये वाचकाला गोत्यात आणणारी आहेत. पत्र्यावर सगळीकडे कार्पेट चिकटवले की गाडी उबदार होते, असे पहिले वाक्य सुचवते आणि त्यासाठी कोणताही स्प्रे गोंद चालतो, असे दुसरे. मी आजवर दोन गाड्यांना स्वतःच्या हाताने अस्तर लावले आहे. पहिल्या गाडीच्या वेळी माझ्याही डोक्यात नेमकी हीच दोन वाक्ये होती, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रथम हे अस्तर म्हणजे काय, ते सांगायला हवे, कारण घरात जमिनीवर अंथरतो तो गालिचा येथे उपयोगाचा नाही. त्याच्या पाठीला ताठ थर असतो. तो वळणावर वळत नाही आणि उभ्या पत्र्यावर स्वतःच्या वजनानेच खाली येतो. व्हॅनसाठी जे अस्तर वापरतात ते विणलेले नसते. पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे तंतू हजारो सुयांनी टोचून एकमेकांत गुंतवलेले असतात, त्यामुळे ते जाड फेल्टसारखे दिसते, जाडीला तीन-चार मिलिमीटर भरते आणि उभे-आडवे दोन्हीकडे ताणले जाते. या ताणामुळेच चाकावरच्या कमानीसारखा फुगीर भागही एका अखंड तुकड्यात, एकही चुणी न पडता झाकता येतो. हे काम हातून नीट झाले की जो आनंद होतो तो खाट बसवल्यावरही होत नाही, एवढे कबूल करतो.

आता उबेविषयी. कार्पेटला हात लावला की ते उबदार वाटते, कारण ते तळव्यातली उष्णता पत्र्यासारखी झपाट्याने ओढून घेत नाही. हाताला वाटणारी ही ऊब आणि गाडीतली उष्णता आत धरून ठेवण्याची क्षमता या दोन गोष्टी आपण सहज एक समजतो. हिशेब मांडला तर चार मिलिमीटर जाडीचे हे अस्तर उष्णतेला जेवढा अडथळा करते, त्याच्या साधारण आठपट अडथळा २० मिलिमीटर जाडीचा क्लोज्ड सेल फोम, म्हणजे ज्यातले हवेचे बुडबुडे एकमेकांपासून बंद असतात असा फोम, करतो. म्हणजे थंडी रोखायचे काम फोमचे. अस्तराने फोमवर पांघरूण घालायचे, डोळ्यांना आणि हाताला बरे वाटेल असे करायचे आणि आतला घुमणारा आवाज थोडा मऊ करायचा. तोही आवाज बोलण्याचा, भांड्यांच्या खणखणाटाचा. चालत्या गाडीची खोल घरघर कार्पेटने जात नाही. तिच्यासाठी पत्र्यालाच ब्युटाइल या चिकट रबराच्या जड पट्ट्या चिकटवून त्याची थरथर कमी करावी लागते.

लेखात ओलीचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते सगळे प्रकरण तेथेच आहे. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोन माणसे आठ तास झोपली, तर सकाळपर्यंत अर्ध्या लिटरहून अधिक पाणी त्या लहानशा बंदिस्त जागेत वाफेच्या रूपाने फिरत असते. त्यात गॅसची शेगडी पेटवली की भर पडते, कारण एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून अधिक पाणी तयार होते. हे पाणी भांड्यातल्या वाफेचे नव्हे, ज्वालेतून निघालेले. हवा २० अंश सेल्सिअसवर असेल आणि तिच्यात ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या खालच्या कोणत्याही पृष्ठभागावर ती दव सोडू लागते. थंडीच्या रात्री गाडीचा पत्रा याहून कितीतरी गार असतो.

येथे कार्पेट आपल्याला फसवते. उघड्या पत्र्यावर दव साचले तर ते दिसते, थेंब अंगावर पडतो आणि माणूस फडके घेऊन पुसतो. कार्पेट लावले की थेंब दिसत नाहीत आणि आपण समजतो, ओल गेली. पण हे अस्तर सच्छिद्र आहे. दमट हवा त्यातून सहज आरपार जाते आणि मागच्या गार पत्र्यावर निवांतपणे दव धरते. पॉलिप्रॉपिलीनचा तंतू स्वतः पाणी पीत नाही, हे खरे. म्हणून विक्रेते या अस्तराला कुजत नाही असे म्हणतात आणि त्यात खोटे काही नाही. परंतु तंतूंच्या मधल्या पोकळीत पाणी अडकते, त्यावर धूळ बसते आणि त्या धुळीवर बुरशी खुशाल वाढते. अस्तर कुजत नाही. गंजतो तो पत्रा.

माझ्या पहिल्या गाडीत हे समजायला जवळजवळ दोन वर्षे गेली. सकाळी दार उघडले की कुबट वास यायचा. मी तो ओल्या बुटांच्या माथी मारत असे. एके दिवशी मागच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात अस्तराची कड सुटलेली दिसली, म्हणून ती चिमटीत धरून ओढली. वीतभर अस्तर चर्रर्र आवाज करत हातात आले. आतला पत्रा घामेजल्यासारखा ओला होता आणि जेथे फवाऱ्याचा गोंद विरळ बसला होता, तेथे नारळाच्या झावळीसारखी नक्षी काढत नारिंगी गंज पसरला होता. बोट फिरवले तर रंगाचा पोपडा नखाखाली आला. फोम न लावता थेट पत्र्यावर कार्पेट चिकटवण्याचा तो हिशेब होता. सगळे अस्तर उतरवायला मला चार दिवस लागले आणि त्यातले तीन दिवस वाळलेला गोंद खरवडण्यात गेले.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गंज घासून काढायचा, त्यावर प्रायमर आणि रंग द्यायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा, कारण ओल्या किंवा कोवळ्या रंगावर गोंदातला द्रावक पडला तर रंग सुरकुततो. वायरी त्याच वेळी ओढून घ्यायच्या. मग फोम असा चिकटवायचा की त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये हवा खेळायला फट राहणार नाही. दमट हवा पत्र्यापर्यंत पोहोचलीच नाही, तर दव धरणार कशावर? गाडीच्या तळाशी, दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी ठेवलेली भोके मात्र ना फोमने बुजवायची, ना गोंदाने. टपावर हवा बाहेर जायला झडप आणि खाली हवा आत यायला वाट, ही सोय अस्तराच्या आधी व्हायला हवी, कारण अस्तर लावल्यावर टपाला भोक पाडताना यंत्रात तंतू गुंडाळले जातात आणि कड विद्रूप होते. या सगळ्यानंतर अस्तराची पाळी येते.

आता गोंदाकडे वळतो. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीच्या टपाचे तापमान ७० अंशांच्या पुढे सहज जाते. कागद, पुठ्ठा, कापड चिकटवण्याचे सर्वसाधारण स्प्रे गोंद त्याच्या बरेच आधी मऊ पडतात. मग दुपारी टपाचे अस्तर मधोमध झोळीसारखे खाली येते आणि संध्याकाळी गाडी निवली तरी वर जात नाही. टपासाठी उच्च तापमान सोसणारा कॉन्टॅक्ट गोंदच हवा आणि किती अंशांपर्यंत तो धरून राहतो, हे डब्यावर वाचूनच घ्यावा. तो वापरण्याची रीतही वेगळी आहे. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढायचा. प्लास्टिकचा गुळगुळीत भाग असेल तर पॉलिश पेपरने खरबरीत करायचा. गोंद दोन्ही बाजूंना मारायचा, पत्र्यालाही आणि अस्तराच्या पाठीलाही, आणि मग हात बांधून थांबायचे. बोटाची पाठ लावल्यावर गोंद चिकट लागला पाहिजे, पण त्याची तार निघता कामा नये. ही वेळ आली की चिकटवायचे. घाई केली तर आत कोंडलेल्या द्रावकाने अस्तराला फुगे येतात. दमट दिवशी तर हे काम काढूच नये. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतले बाष्प बसते आणि गोंद पांढुरका होऊन त्याचा जोर जातो.

याच गोंदाविषयी आणखी एक गोष्ट. काटकसर म्हणून फोमऐवजी थर्माकोल वापरणारे आहेत. द्रावकाचा हा गोंद थर्माकोलवर मारला तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो आणि जेथे सपाट भिंत होती तेथे खड्ड्यांचे जाळे उरते.

प्रत्यक्ष चिकटवताना बहुतेकांची चूक होते ती खोलगट जागी. अस्तर ताणले जाते म्हणून ते ताणून लावण्याचा मोह होतो. फुगीर भागावर हा ताण मदत करतो. खोलगट भागावर तोच ताण वैरी होतो, कारण ताणलेले अस्तर सरळ होऊ पाहते आणि काही दिवसांत खड्ड्यावर ढोलाच्या कातड्यासारखे उभे राहते. तेथे आधी खोल भागात अस्तर सैल सोडून बोटांनी दाबत बसवायचे आणि मग कडांकडे यायचे. लव सगळीकडे एकाच दिशेला ठेवावी, नाहीतर एकाच थानातले दोन तुकडे शेजारी लावल्यावर दोन वेगळ्या रंगांचे वाटतात. कडेला चार बोटे जादा कापड सोडावे आणि शेवटी नव्या पात्याने कापून ते दाराच्या रबराखाली दडपावे. बोथट पाते तंतू कापत नाही, उपसते. कमानीवर आडमुठी चुणी राहिलीच, तर हेअर ड्रायरची ऊब पुरे होते. रंग काढायची हॉट एअर गन जवळ नेली तर पॉलिप्रॉपिलीन वितळून तेथे काचेसारखा चकचकीत डाग पडतो, कारण ते १६० अंशांच्या थोडे पुढे गेले की वितळतेच.

वितळण्याचा विषय निघाला आहे तर आगीविषयी लिहिणे भाग आहे. मोटारीच्या आतल्या सामानासाठी अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेला नियम ज्वाला मिनिटाला १०२ मिलिमीटरहून वेगाने पसरता कामा नये, असे सांगतो. ही कसोटी उतरलेले अस्तर पेट घेत नाही, असा याचा अर्थ नाही. ते सावकाश जळते आणि माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. निदान अशा कसोटीचा उल्लेख असलेलेच अस्तर घ्यावे. शेगडीच्या मागे आणि वर, तसेच हीटरच्या धुराड्याभोवती ते लावूच नये. तेथे धातूचा पत्रा किंवा न जळणारा पुठ्ठा लावावा. सगळी गाडी एका रंगात दिसावी, या हौसेपायी मी शेगडीमागे कार्पेट लावलेले पाहिले आहे आणि त्या गाडीत मला चहा घेववला नाही. चिकटवण्याच्या दिवशीही हाच धोका असतो. गोंदाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गाडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. दारे सताड उघडी, हीटर बंद आणि तोंडाला रासायनिक वाफ गाळणारा मास्क, एवढे हवेच. धुळीसाठीचा साधा मास्क धूळ अडवतो, ही वाफ नाही. ज्या गाड्यांत टपाच्या कडेला एअरबॅग असतात, तेथे त्यांच्या झाकणांवरून अस्तर ओढून घेऊ नये. सीटबेल्टच्या बोल्टांखालीही ते दडपू नये, कारण दोन घट्ट धातूंच्या मध्ये मऊ थर आला की बोल्ट कालांतराने सैल होतो.

कार्पेट लावूच नये, असे मला म्हणायचे नाही. वाकड्यातिकड्या खांबांवर आणि कमानींवर लाकडाची फळी बसवायची तर सुताराचा हात हवा. तेथे या अस्तराला तोड नाही. सपाट भिंतींवर आणि टपावर मात्र मी पातळ प्लाय पसंत करतो, कारण तो चार स्क्रू काढले की उतरतो आणि मागचे सगळे पाहता येते. आपल्या लेखकांनी पुढच्या भागात निदान गोंदाविषयीचे वाक्य दुरुस्त करावे, अशी विनंती आहे. एव्हाना कोणीतरी डबा विकत घेतलाही असेल.

दुसऱ्या गाडीत मागच्या खिडकीच्या त्याच कोपऱ्यात वीतभर अस्तर मी मुद्दाम चिकटवलेले नाही. तेवढाच फोमही सुटा ठेवून पत्र्यावर घट्ट दाबून बसवला आहे आणि अस्तराचा तुकडा वेल्क्रोच्या दोन पट्ट्यांवर अडकवला आहे. दर दोन-तीन महिन्यांनी तो उचलतो, फोम बाजूला करतो आणि मागच्या पत्र्यावरून बोट फिरवतो. तीन हिवाळे झाले, बोट कोरडे निघते आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक