चौशिंग्याएवढा, पण चौशिंगा नव्हे

संपादक साहेब, लेकीकडे लॉस एंजेलिसला गेले होते तेव्हा ला ब्रेआचे डांबराचे खड्डे बघितले, भर शहरात अजूनही काळ्या डांबरातून बुडबुडे वर येतात आणि रस्त्याचं काम चाललंय असाच वास सुटतो. तिथेच कॅप्रोमेरिक्सची हाडं सापडलीत. प्रॉन्गहॉर्न या उत्तर अमेरिकेतल्या हरणासारख्या प्राण्याचा हा भाऊबंद खांद्यापाशी जेमतेम २ फूट, वजन १० किलोच्या आसपास, शिंगांना चार टोकं, मागची लांब आणि पुढची अगदी बारकी, उंचीला म्हणाल तर आपल्या चौशिंग्याएवढाच! पण चौशिंग्याशी नातं नाही हो, या कुळाला जवळचे म्हणजे जिराफ आणि त्याचा आफ्रिकेतला आखूड मानेचा भाऊबंद ओकापी. हिमयुग संपता संपता हा इवलासा जीव गेला, आता एकटा प्रॉन्गहॉर्न उरलाय. फार वाईट वाटलं मला. मुलांच्या पानावर नेहमी डायनासोरच असतात, एकदा याच्यावरही छापा ना प्लीज.

– एक आजी, पुणे